मुलखाचा आवाज

कापूस एकदम फुटला. आठवडाभर ऊन असं काही तापलं की बोंडं एकामागून एक उकलत गेली आणि सगळं रान पांढरं झालं. नेमके तेव्हाच आभाळाच्या कडेला ढग जमायला लागले. वेचायला माणूस मिळेना. सगळ्यांचीच रानं एका वेळी फुटलेली, कोण कुणाकडे येणार? आबांच्या घरात हाताशी तीनच माणसं होती. आबा स्वतः, त्यांची म्हातारी आणि सून. मुलगा ट्रकवर. तो एकदा गेला की महिना महिना तिकडंच.

आबांना गावात नुसतं आबा कुणी म्हणत नसे. भोंगाआबा म्हणत. आवाजच तसा होता. बांधावरून हाक मारली की ओढ्यापलीकडचा माणूस दचकून मागं बघायचा. भाऊ पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले तेव्हा ऐन सभेत लाउडस्पीकर बंद पडला होता. लोक उठून जायला लागले. तेव्हा तरण्या आबांनी खुर्चीवर चढून अशी घोषणा दिली की गेलेले लोक परत येऊन बसले. तेव्हापासून भाऊंची सभा आणि आबांचा गळा यांची ताटातूट झाली नाही. आबा म्हणायचे, "भाऊ बोले!" आणि लोक म्हणायचे, "देश डोले!"

आणि खरंच डोलवलाही होता. त्याआधी या मुलखाला विचारत कोण होतं? बाहेर कामाला गेलेली माणसं तोंड उघडायला लाजायची. उघडलं की लोक बोलीला हसायचे. भाऊ मंत्री झाले, राजधानीतल्या मोठ्या सभागृहात उभे राहिले आणि नदीच्या पाण्यावरून आपल्याच बोलीत कडाडले. सगळा देश ऐकत राहिला. त्या दिवशी आबांनी चौकातल्या टपरीवर दिसेल त्याला चहा पाजला होता. घरी आल्यावर म्हातारी म्हणाली होती, "तुम्हीच मंत्री झाल्यासारखं करताय." आबा म्हणाले होते, "झालोच आहे."

सून मात्र या मुलखाची नव्हती. मुलगा माल घेऊन लांबच्या डोंगराळ भागात जायचा, तिथली त्यानं करून आणली. गोल चेहरा, बारीक डोळे, हात असे चपळ की कापूस वेचताना बोंडाला कळायचंही नाही. गावानं तिचं नाव 'डोंगरीण' ठेवलं. तिनं मनावर घेतलं नाही. बोली तिनं झटक्यात उचलली, फक्त 'तो' आणि 'ती' यांचा घोळ काही सुटला नाही.

"आई, ढग आली," ती कंबरेला झोळी बांधता बांधता म्हणाली.

"आली नाही गं, आला. ढग पुरुष आहे."

"म्हणून नुसता गडगडतो होय? काम काही करत नाही."

यावर सगळ्यात मोठ्यानं हसले ते आबाच.

पण हे हसणं त्या वर्षातलं शेवटचंच. त्याच आठवड्यात डोंगरात गोळीबार झाला.

सरकारला तिथले डोंगर खणायचे होते. आत काही किमती दगड निघाला होता म्हणे. लोकांना घरं सोडा म्हणून सांगितलं. लोक रस्त्यावर बसले. बसलेल्यांवर गोळ्या चालल्या. मग तिकडचे फोन बंद झाले, रस्ते बंद झाले. सुनेचा भाऊ तिकडं शाळेच्या गाडीवर ड्रायव्हर होता. डोंगर उतरून आलेल्या कुणी नातेवाइकानं कुठूनतरी तिला फोन करून एवढंच सांगितलं की त्याला गाडीतून उतरवून नेलं. कुठं नेलं, का नेलं, आहे की नाही, काहीच माहीत नाही. मुलगा त्या दिशेचा माल मिळवून लगोलग निघाला, पण पायथ्याशीच पोलिसांनी ट्रक अडवला. तो तिथंच गाड्यांच्या रांगेत अडकून पडला होता.

सून रडली नाही. नेहमीसारखी उठायची, कापसात उतरायची. फक्त वेचताना मधेच थांबायची आणि हातातल्या बोंडाकडं बघत राहायची. कडक झालेल्या सालीची टोकं बोटांत घुसून रक्त निघालं तरी तिला कळायचं नाही. म्हातारीच ओरडायची, "अगं, कापसाला डाग पडेल." मग स्वतःच जवळ जाऊन तिचं बोट आपल्या तोंडात धरायची.

एका संध्याकाळी तिघं जेवायला बसली असताना टीव्हीवर सभागृह दाखवत होते. विरोधातली एक बाई उभी राहून गोळीबाराबद्दल विचारत होती. गलका चालला होता. कॅमेरा बाकांवरून फिरला आणि दुसऱ्या रांगेत भाऊ दिसले.

"भाऊ!" आबांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

भाऊ चष्मा पुसत होते. पुसून झाला, डोळ्यांवर चढवला. बाई म्हणत होती की मेलेल्यांत शाळकरी मुलंही आहेत. भाऊंनी चष्मा परत काढला आणि परत पुसायला घेतला.

"हेच ना तुमचे भाऊ?" सुनेनं विचारलं.

"हो."

"पाण्याचं बोलले होते तेच?"

"तेच."

"मग आता का बोलत नाहीत?"

म्हातारी म्हणाली, "त्यांचा विषय नसेल तो."

आबांनी ताटातला घास उगाच दोनदा कालवला. "मोठी माणसं वेळ बघून बोलतात," ते म्हणाले. म्हणताना त्यांनाच ते बेचव लागलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की भाऊ गावात येणार आहेत. सभा होती. सरीवर वेचता वेचता सून आबांच्या ओळीला आली आणि तिनं एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच काही मागितलं.

"आबा, भाऊ तुमचं ऐकतात ना?"

"ऐकतात म्हणजे? माझं ऐकणार नाहीत तर कुणाचं ऐकणार?"

"मग तुमच्या भाऊंना माझ्या भावाचं विचाराल? सोडवा असं नाही म्हणत मी. नुसतं कुठं ठेवलाय ते विचारायचं."

आबा सरळ उभे राहिले. पाठीत कळ आली, तरी ताठ राहिले. "विचारतो की. सगळ्यांदेखत विचारतो. अगं, आपला मुलूख आहे हा. अन्याय दिसला की इथला माणूस गप्प बसत नाही."

ती खाली वाकून वेचायला लागली. त्या दिवशी तिचे हात पहिल्यासारखे चालले. तिन्हीसांजेला तिची झोळी सगळ्यांत जड होती.

सभेच्या दिवशी ढग आणखी खाली आले. म्हातारी म्हणाली, "आज एक दिवस हात लागले तर अर्धं रान निघेल. सभा कुठं पळून चाललीय?" पण आबांना जायचंच होतं, आणि सूनही निघाली. तिनं धुतलेला पोशाख घातला, केस घट्ट बांधले. म्हातारी एकटीच झोळी बांधून रानात गेली.

मांडवाच्या तोंडाशीच गावचा पुढारी भेटला. त्यानं सुनेकडं एक नजर टाकली आणि आबांना बाजूला घेतलं.

"आबा, आज फक्त घोषणा. डोंगराचं कुणी काही काढायचं नाही. भाऊंना वरून सांगणं आहे. कालव्याचं काम आत्ता कुठं मार्गी लागतंय, ते अडायला नको."

"नाही, मी म्हणत होतो की माझ्या घरचंच–"

"भाऊंना मी सांगीन सावकाश. आणि हे बघा, राग मानू नका, सुनेला जरा मागं बसवा. तोंडावळा वेगळा दिसतो. फोटोत येतं."

आबा काही बोलतील असं आबांनाच वाटलं. पण ते म्हणाले, "बरं."

बायकांच्या बाजूला पुढच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आबा सुनेला घेऊन त्यांच्या बाजूनं चालत गेले, आणखी मागं, आणखी मागं, पार कनातीपर्यंत.

"इथं बस. इथं वारा लागतो."

वारा कुठंच नव्हता. तिनं पुढच्या रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं, मग आबांकडं पाहिलं आणि बसली.

"इथून तुम्हाला दिसेन ना मी?"

"दिसशील की."

भाऊ आले. गाडीतून उतरताच त्यांची नजर आबांवर पडली आणि सगळ्या गर्दीतून वाट काढत ते आधी आबांकडंच आले. खांद्यावर हात टाकला. हाताला अत्तराचा वास होता.

"काय रे भोंग्या, आवाज शाबूत आहे ना?"

"शाबूत आहे, भाऊ."

"आणि घरचं? घरचं सगळं ठीक?"

हीच ती जागा होती. भाऊंनी स्वतः होऊन दार उघडून दिलं होतं. आबांनी रात्रभर जुळवलेले शब्द घशापर्यंत आले. भाऊंचा हात अजून खांद्यावर होता, चारी बाजूंनी मोबाइल वर झाले होते, लोक आबांकडं हेव्यानं बघत होते.

"ठीक आहे, भाऊ," आबा म्हणाले. "तुमच्या कृपेनं."

भाऊ पुढं सरकले.

व्यासपीठावर गेल्यावर त्यांनी माइक हातात घेतला आणि पहिल्यांदा आबांकडंच बोट केलं. "तुम्ही मला मुलखाचा नेता म्हणता. पण मुलखाचा आवाज म्हणाल तर तो हा बसलाय खाली." टाळ्यांचा कडकडाट झाला. आबांची छाती भरून आली. तेवढ्यातही भरून आली. पुढं कितीतरी दिवस त्यांना सगळ्यात जास्त सलत राहिलं ते हेच.

भाऊ कालव्याबद्दल बोलले. रस्त्याबद्दल बोलले. राजधानीत आपल्या बोलीला पूर्वी कसे हसायचे आणि आता कसे हात जोडतात, ते सांगितलं. लोक खूश झाले. मग आवाज चढवून म्हणाले, "आपला मुलूख कुणापुढं मान खाली घालत नाही! अन्याय कुठंही होवो, आपलं रक्त उसळतंच!" आणि टाळ्यांसाठी थांबले.

त्या थांबण्यात मागून आवाज आला.

"भाऊ! भाऊ, एक विचारायची आहे!"

चुकलेल्या त्या एका शब्दावरूनच आबांनी ओळखलं. त्यांनी मान वळवली. पार मागं, कनातीशी, ती उभी होती. आवाज मोठा नव्हता तिचा, पण सभा शांत होती म्हणून पोचला. माना वळल्या. कुणीतरी म्हणालं, "डोंगरीण आहे." भाऊंनी कपाळाला आठी घातली आणि पुढाऱ्याकडं पाहिलं. पुढाऱ्यानं आबांकडं पाहिलं आणि दोन बोटं हलवली.

वर्षानुवर्षं ही खूण अशीच होती. बोटं हलली की आबांनी घोषणा द्यायची. पुढं आबांनी स्वतःला पुष्कळ समजावून पाहिलं की सवयीनं झालं, गळा आपोआप उघडला, कळलंच नाही. पण तसं नव्हतं. खूण आणि घोषणा यांच्या मधे त्यांनी श्वास घेतला होता. पोटापासून, पुरता, मोठी घोषणा द्यायला लागतो तसा. असा श्वास माणूस ठरवल्याशिवाय घेत नाही.

"भाऊ बोले!"

"देश डोले!"

"भाऊ बोले!"

"देश डोले!"

मांडवाच्या कापडाला कंप सुटला. आबा देत राहिले. थांबलं तर मागचं ऐकू येईल, या भीतीनं देत राहिले. मागं सुनेचं तोंड हलत होतं. तिनं बोलणं थांबवलं नव्हतं, मधेच एकदा हात वर करून आबांच्या दिशेनं दाखवलंही. मग पक्षाच्या दोन बायका तिच्याजवळ गेल्या आणि दोन्ही दंडांना धरून त्यांनी तिला खाली बसवलं. आबा गप्प झाले तेव्हा ती मांडीवर हात ठेवून बसली होती. भाऊ हसून म्हणाले, "बघा, मुलूख कसा उसळतो," आणि भाषण पुढं चालू झालं.

घरी येताना ती पुढं चालली, आबा मागं. पायवाट अरुंद होती म्हणून बरं. शेजारी चालावं लागलं नाही. आबा दोनतीनदा खाकरले.

"मांडवात फार उकडत होतं," शेवटी ते म्हणाले.

"हो आबा."

एवढंच. दोघं घरी न जाता तशीच रानात गेली. म्हातारी एकटी वेचून वेचून काळवंडली होती. कमरेवर हात देऊन उभी राहत ती म्हणाली, "विचारलंत का हो?"

आबांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी सून बोलली.

"खूप गर्दी होती, आई. आवाज पोचला नाही."

म्हातारी नवऱ्याकडं बघत राहिली. "यांचा आवाज पोचला नाही?"

आबा खाली वाकले आणि झोळीची गाठ बांधायला लागले. गाठ बसत नव्हती. सूनच पुढं झाली, तिनं त्यांच्या कंबरेशी गाठ मारून दिली आणि आपल्या ओळीला लागली. तिनं एक शिवी जरी दिली असती तरी आबांना बरं वाटलं असतं.

अंधारायच्या आत पाऊस आलाच. वेचलेला कापूस कसाबसा डोक्यावरून घरात आणला. झाडावरचा झाडावरच भिजला. तिघं ओसरीत उभं राहून बघत राहिली. बोंडांतून कापूस ओघळून चिखलाकडं लोंबायला लागला होता. "आजचा एक दिवस," म्हातारी म्हणाली.

सकाळी मुलाचा फोन आला. आबांनीच उचलला.

"आबा, सभेतलं मोबाइलवर फिरतंय. इथं रांगेतल्या पोरांनी मला दाखवलं. त्यांना माहीत नव्हतं, माझी बायको आहे ती. हसत होते. कशी तोंडाची नुसती उघडझाप करतेय म्हणून."

आबांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घोषणा देणारा त्यात दिसत नाही," मुलगा म्हणाला. "पण मला कुणी सांगायची गरज पडली नाही."

"अरे, पुढारी म्हणाला म्हणून–"

"तिला द्या फोन."

ती फोन घेऊन गोठ्यामागं गेली. बराच वेळ बोलत होती. आबा ओसरीतच बसून होते, ऐकायचं नव्हतं तरी कान तिकडंच. एकच वाक्य ऐकू आलं. "नाही, आबांना तुम्ही काही बोलायचं नाही."

ऊन पडलं तशी तिघं ओला कापूस तोडून आणायला लागली. पिवळट पडलेला, पानांचा कचरा चिकटलेला. अंगणात ताडपत्री अंथरून त्यावर पसरत होती, तेवढ्यात पुढाऱ्याची जीप दारात आली. तो खाली उतरलाही नाही.

"आबा, चला. शेजारच्या गावात सभा आहे. भाऊंनी खास बोलावलंय."

आबा ताडपत्रीवरून उठले, जीपजवळ गेले. सून पाठमोरी बसून कापूस निवडत होती. येणार नाही, असं स्पष्ट सांगायचं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पुढाऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि त्यांनी घशाला हात लावला.

"आवाज बसलाय," ते पुटपुटले.

"बसणारच! काल काय लावली होती तुम्ही!" पुढारी हसला. "पण वाचवलंत बरं का. भाऊ जाताना म्हणाले, भोंग्यानं लाज राखली. काळजी घ्या गळ्याची. पुढच्या सभेला लागेल."

जीप गेली. तिचा आवाज विरला तरी आबा दारातच उभे होते. साधं नाहीसुद्धा त्यांना म्हणता आलं नव्हतं. आणि अंगण एवढंसं, सुनेला सगळं ऐकू गेलं होतं.

ते परत येऊन तिच्यासमोर बसले. म्हातारी विहिरीवर गेली होती. थोडा वेळ दोघंही कापसातला पाचोळा काढत राहिली.

"काल," आबा म्हणाले. आवाज स्वच्छ होता, बसला-बिसला काही नव्हता, आणि आता तो लपवायचंही त्यांच्यात उरलं नव्हतं. "काल माझ्या ओरडण्यात तुझं पुढचं ऐकू आलं नाही. काय म्हणत होतीस?"

"जाऊ द्या, आबा."

"सांग."

तिनं एक पान सोडवलं, ते तुकडे तुकडे होऊन आणखीच चिकटलं. ते तुकडे ती एकेक करून काढत बसली.

"मोठ्या माणसाला आधी आपण कोण ते सांगावं लागतं ना? नाहीतर तो कशाला ऐकेल. म्हणून मी तेच सांगत होते. म्हटलं, भाऊ, मी परकी नाही. तुम्ही ज्यांना मुलखाचा आवाज म्हणालात, त्या आबांची सून आहे मी. ते काय पुढं बसलेत. त्यांना विचारा."

आबांच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"भावाचं त्यानंतर विचारायचं होतं," ती म्हणाली. "तिथपर्यंत गेलेच नाही मी."

तिनं निवडलेला ढीग बाजूला सारला आणि नवा पुढं ओढला. ओला कापूस ढिगात राहिला की आतून तापतो. आबांनी दोन्ही हात त्यात खुपसले. आत चांगलंच गरम होतं. कापूस मोकळा करून उन्हात पसरायला हवा होता, पण त्यांनी हात तसेच आत ठेवले. बाहेर काढले तर ते कुठं ठेवायचे, हे त्यांना समजत नव्हतं.